पुरवठ्याच्या जहाजावरचे साळवेनाना

साळवेनानांना तुम्ही 'कसे आहात' असं विचारलं, तर ते 'अन्नदा' कशी होती ते सांगतात.

अन्नदा ही त्यांची बायको नव्हे, मुलगीही नव्हे. ते एक जहाज होतं. नौदलाच्या लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी आणि शिधा पोचवायचं त्याचं काम. नाना त्यावर स्वयंपाकी होते. ते जहाज मोडीत निघून बरीच वर्षं झाली, पण आमच्या मिरजगावात ते अजून चालू आहे.

माझं मेडिकलचं दुकान हायवेला लागून आहे. दुकानापुढं एक सिमेंटचा बाक. नाना रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला पहिल्यांदा आले, बाकावर टेकले आणि मग टेकतच राहिले. पूर्ण नाव फिलिप साळवे. अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. गावात सगळे त्यांना कॅप्टन म्हणायला लागले होते. कुणी माजी सैनिक असला की गाव त्याला बढती देऊन मोकळं होतं. नानांनी ती घेतली नाही. "कॅप्टन येगळा. मी कुक. कॅप्टनला जेवाया घालनारा," असं ते ज्याला-त्याला थांबवून सांगायचे. शेवटी गावानं नाद सोडला आणि ते नुसते नाना झाले.

जहाजाचा इतिहास सांगायची त्यांची एक ठरलेली रीत आहे. आधी ते कुठल्या गोदीत बांधलं, मग पाण्यात कधी उतरलं, झेंडा कधी चढला, कुठकुठल्या समुद्रात गेलं, कुणाकुणाला काय पुरवलं, दुरुस्तीला कधी लागलं, झेंडा कधी उतरला आणि शेवटी कुठल्या किनाऱ्यावर तोडलं. यातला एकही टप्पा ते गाळत नाहीत. मध्येच कुणी बोललं, तर जहाज पुन्हा गोदीत जातं आणि पहिल्यापासून बांधायला घ्यावं लागतं.

नगरच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसायचा योग मला बऱ्याचदा आला आहे. मिरजगावच्या स्टँडवर अन्नदा पाण्यात उतरते. रुईछत्तीशीला तिची मोठी दुरुस्ती निघते. नगर दिसायला लागलं की तिचा झेंडा उतरतो आणि माळीवाड्याच्या स्टँडवर ती भंगारात जाते. रुईछत्तीशीला उतरणाऱ्या लोकांना ते जहाज अजून दुरुस्तीतच आहे असं वाटत असेल.

बरं, एकट्या अन्नदाचंच असंही नाही. तेलवाहू जहाजं, ओढबोटी, दारूगोळा नेणारी जहाजं, बंदरातल्या पाण्याच्या होड्या, सगळ्यांच्या नोकरीचा हिशोब नानांना तोंडपाठ. लढाऊ जहाजांबद्दल विचारलं की मात्र ते तोंड वाकडं करतात.

"त्येंची नावं समद्यांला म्हाईत हायेत. फोटो छापून येत्यात. पन लढनाऱ्याच्या पोटात काय हुतं, ते कुनी आनलं, हे कोन इचारतं? आधी भाकर, मग तोप."

आधी भाकर, मग तोप. हे त्यांचं ब्रीद. ते त्यांनी लग्नात ऐकवलं आहे, दहाव्याला ऐकवलं आहे, आणि एकदा ग्रामसभेत रस्त्याच्या डांबरीकरणावर चर्चा चालू असताना ऐकवलं आहे. तिथं ते कसं लागू पडलं हे कुणालाच कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांना पाण्याचे टँकर जातात. दुकानापुढून टँकर गेला की नाना बाकावरून उठून ताठ उभे राहतात आणि सलाम ठोकतात. एका ड्रायव्हरला आधी वाटलं, म्हातारा आपली टर उडवतोय. तो खाली उतरून भांडायला आला. नानांनी त्याला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि तेलवाहू जहाजांची महती सांगितली. आता तो दर फेरीला हॉर्न देतो.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. घरात हे एकटेच, आणि अडचण अशी की त्यांना एकट्यापुरता स्वयंपाक येत नाही. हात सगळा जहाजाच्या अंदाजाचा. भाजी केली तर पातेलंभर होते, पुलाव केला तर गल्लीला पुरतो. मग ते डबे भरून वाटत सुटतात. नाताळात तर आमच्या अख्ख्या आळीत चूल पेटत नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "नाना, अंमळ कमी टाकत जा की तांदूळ." नाना गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, कमी टाकून बघितला. भात खोटा वाटतो."

आता कोरडे आबा.

आडनाव कोरडे आणि उमेदीची सगळी वर्षं पाण्यावर. दशरथ कोरडे हे 'वज्रबाहू' नावाच्या लढाऊ जहाजावर तोफेवर होते. आडवा बांधा, भरघोस मिशा, गावाबाहेर मळा, घरात मुलगा-सून-नात. तेही रक्तदाबाचेच गिऱ्हाईक. एके सकाळी गोळ्यांसाठी थांबले असताना त्यांच्या कानावर अन्नदाचा इतिहास पडला. ते गर्रकन वळले.

"अन्नदा? ती तेलाची म्हैस?"

नाना उभे राहिले. "तुमी कोन?"

"वज्रबाहू."

असे ते भेटले. दोघांची मूळ गावं एकमेकांपासून पाच कोसांवर, आणि आता एक गावात, दुसरा मळ्यात, म्हणून तोवर गाठ पडली नव्हती. एकाच काळात नोकरीला. आणि बोलता बोलता असं निघालं की, एका दिवशी अरबी समुद्रात ही दोन जहाजं अगदी शेजारी-शेजारी होती. अन्नदा वज्रबाहूला तेल देत होती. ते कसं देतात, हे मला आता झोपेतही सांगता येईल. दोन्ही जहाजं थांबत नाहीत. एका वेगानं, एका दिशेनं, बाजूबाजूला चालत राहतात आणि मधून जाड नळी टाकतात. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. नळी तुटली. तेल सगळीकडं उडालं.

कुणामुळं तुटली?

आबांचं म्हणणं, अन्नदाला सरळ चालता येत नव्हतं. नानांचं म्हणणं, वज्रबाहूला दम धरवत नव्हता, तेल घेता घेताच तिला पुढं पळायचं होतं. या एका नळीवर त्या बाकावर इतकं भांडण झालं की माझ्या गिऱ्हाइकांनीही बाजू घेतल्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस औषध विसरून जायचा, पण नळीबद्दलचं मत देऊन जायचा. आबा नानांना भटारी म्हणायचे. नाना त्यांना तोफखान्या म्हणायचे. दुपारी घरी जाताना एकमेकांकडं बघायचेही नाहीत. सकाळी मी शटर वर करायच्या आत दोघंही बाकावर हजर.

शेवटी एकदा त्यांनी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. शाळेच्या मैदानावर दोन सायकली आणल्या. ठिबकच्या पाइपाचा एक तुकडा घेतला. एक टोक नानांच्या हातात, दुसरं आबांच्या. दोघांनी एका वेगानं, बाजूबाजूनं सायकल चालवायची. मी पंच.

"आज समद्या गावाला कळू दे, वाकडं कोन चालतं," आबा म्हणाले.

"आन घाई कुनाला हाय त्येबी," नाना म्हणाले.

सुरुवात झकास झाली. दोन म्हातारे, दोन सायकली आणि मधे काळा पाइप, असे निम्म्या मैदानापर्यंत गेले. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस आडवी आली. आबा डावीकडं वळले, नाना उजवीकडं. पाइप तुटला आणि दोघंही मैदानात आडवे झाले. म्हैस उभी राहून बघत होती.

मी धावत जाऊन त्यांना उठवलं. आबांचं ढोपर फुटलं होतं, नानांच्या कोपराचं साल गेलं होतं. दोघांनाही दुकानात आणून मलमपट्टी केली. पट्टी बांधून होईपर्यंत भांडण सुरू झालं होतं. आता वादात दोन नळ्या होत्या.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता आबांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी मळ्यात मोटार चालू करायला गेले आणि तिथंच बसले. नगरला दवाखान्यात होते. जीव वाचला, घरी आणलं. पण उजवी बाजू गेली आणि बोलणं बंद झालं. ऐकू येत होतं, समजत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रयत्न केला तर थोडं बोलणं परत येईल, त्यांना बोलतं करत राहा. आबा प्रयत्नच करीत नव्हते. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. सून मंगल समोर पाण्याचा तांब्या धरून म्हणायची, "मामंजी, पानी म्हना, पानी." आबा डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर हुकूम ऐकून तोफ उडवलेला माणूस. त्याला बालवाडीत बसवल्यासारखं वाटत असणार.

नाना त्या दिवसांत बाकावर यायचे, पण बाकाच्या डाव्या टोकाला बसायचे. उजवं टोक मोकळं. कुणी मुद्दाम विचारलं, "नाना, अन्नदा कुठवर आली?" तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या आता." टँकरनं हॉर्न दिला तरी बसल्या जागीच हात वर करायचे. मग एक दिवस ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चौकशी केली तर कळलं, नाना रोज चहा झाला की कोरड्यांच्या मळ्यात जातात.

आबांच्या गोळ्या पोचवायला म्हणून मी एका दुपारी स्कूटरवरून मळ्यात गेलो. मंगल ओसरीतच भेटली. तिनं मला बाजूला घेतलं.

"सुनीलभाऊ, नानांचं डोकं ठिकान्यावर हाय ना?"

"का? काय झालं?"

"रोज येत्यात आन मामंजींना वज्रबाहूचा इतिहास सांगत्यात. पन समदा चुकीचा. आमची वज्रबाहू कोलकात्याची, नाना म्हनत्यात मुंबईला बांधली. आमची पूर्वेकडच्या समुद्रात लई वर्षं हुती, हे म्हनत्यात ती कधी तिकडं गेलीच न्हाई. आवो, मला लग्न झाल्यापास्नं पाठ हाय त्ये."

मीही चरकलो. बाकी काहीही होईल, पण नाना जहाजाबद्दल चुकीचं बोलणार नाहीत. वाटलं, एकाचं बोलणं गेलं आणि दुसऱ्याची आठवण.

खोलीत नाना खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले होते. आबांचं तोंड भिंतीकडंच. नाना शाळेत धडा वाचावा तसं सांगत होते, "तर ही वज्रबाहू. इंजिन तिचं पहिल्यापास्नं दमेकरी..." मला बघून ते थांबले आणि बाहेर आले. मी सरळ विचारलं, "नाना, हे काय चाललंय? असं चुकीचं कसं सांगताय?"

"चुकत न्हाई. मुद्दाम सांगतोय."

"मुद्दाम?"

"डॉक्टर म्हनले बोलतं करा. ही पोरगी बिचारी त्याला 'पानी म्हना' म्हनती. त्यो तोपेवरचा गडी हाय, पानी म्हननार न्हाई. पन चुकीचं ऐकून घेनार न्हाई. मुंबईची गोदी म्हनलो तवा डोळं उघडलं. पूर्वेकडं गेलीच न्हाई म्हनलो तवा मान हलली. आज बगू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खोटं बोलायला लई तरास हुतो, सुनीलशेठ. घरी गेलो की खरा इतिहास एकदा म्हनून घेतो. न्हाईतर खोटाच तोंडात बसायचा."

नाना आत गेले. मी दारात उभा राहिलो, मागं मंगल. तिचे हात पिठाचे होते.

नाना खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "तर काय सांगत हुतो? हां. वज्रबाहू. लोक म्हनत्यात लढाऊ जहाज. पन खरं सांगू का कोरड्या, तिच्यावर तोपच न्हवती. व्हय. कांदे-बटाटे वाहायचं जहाज हुतं ते. आमच्यापरीस बारकं. तू बी तिथं कांदंच सोलत असशील."

आबांचं डोकं भिंतीकडून वळलं. सावकाश, पण वळलं. चेहरा लाल झाला होता. डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. तोंड वाकडं होऊन थरथरायला लागलं. मला भीती वाटली, दुसरा झटका येतो की काय. मी पुढं झालो, तर नानांनी माझ्याकडं न बघताच हात आडवा धरला.

"कांदंच," नाना म्हणाले. "तोप कसली."

"तो..." आबांच्या घशातून आवाज आला. "तो... तोप."

"काय? ऐकू न्हाई आलं."

"तोप!" आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण ते थांबेनात. "तोप... हु... हुती!"

मंगल पिठाच्या हातांनी तोंड दाबून मागच्या मागं खाली बसली. नानांनी टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली.

"असंल बाबा. तू म्हनतोस तर असंल. उद्या येतो."

एवढं बोलून ते उठले आणि ताडताड बाहेर गेले. मी आबांपाशी थोडं थांबलो. आबा "तोप हुती, तोप हुती" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते, जसं काही मीच नाही म्हणालो होतो. मी बाहेर आलो तेव्हा नाना हौदापाशी उभे राहून तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते. बुटांवर पाणी उडालं होतं, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"चला नाना, सोडतो घरी," मी म्हणालो.

ते उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "सुनीलशेठ, तुमी माझं ऐकता, गाव ऐकतं. करमनूक म्हनून ऐकता, मला कळतं त्ये. राग न्हाई. उद्या मी अन्नदाऐवजी दुसरं कायबी सांगितलं तरी तुमी ऐकाल. पन ह्यो एकटा असा हाय, जो म्हनतो, फिलिप, तू खोटं बोलतोस. म्हंजे त्यो तिथं हुता. त्यो हुता म्हंजे मीबी हुतो." मग उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "बायको हुती तवर तिला म्हाईत हुतं, मी कवा गेलो, कवा आलो. पोराला एवढंच म्हाईत, की बाप घरी नसायचा."

मी स्कूटर चालू केली, ते मागं बसले. गावात शिरल्यावर म्हणाले, "जरा हळू घ्या. घाई न्हाई."

आबा त्यानंतर बोलायला लागले. पहिल्यासारखे नव्हे. शब्द अर्धे येतात, लाळ गळते, 'र' आणि 'ळ' कुठंतरी हरवतात. मंगलला निम्मं कळतं, मुलाला त्याहून कमी. नानांना सगळं कळतं. ते रोज जातात आणि आता खरा इतिहास सांगतात. आबा मधेमधे तोडतात आणि मग जहाज पुन्हा गोदीत जातं. दोघांनाही वेळच वेळ आहे.

मागच्या महिन्यात आबांच्या नातीला बघायला शेवगावकडचे पाहुणे आले होते. मंगलनं नानांना आणि मला बोलावलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. मुलाचे वडील मोठे बोलके. ते आबांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून म्हणाले, "आबा, तुमी नेव्हीत हुता म्हनं. आमाला सांगा की कायतरी."

आबांचा मुलगा कसनुसा झाला. आबा बोलायला लागले तर पाहुण्यांना काय कळणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. पण आबांनी सुरुवात केलीच. नाना उठून खाटेच्या उशाशी जाऊन उभे राहिले. आबा एक वाक्य बोलायचे, थांबायचे. नाना ते मोठ्यानं, स्वच्छ आवाजात सांगायचे.

"आबा म्हनत्यात, वज्रबाहू कोलकात्याच्या गोदीत बांधली. आबा म्हनत्यात, तिच्यासारखी तोप त्या वक्ताला दुसऱ्या कुनाकडं न्हवती."

पाहुणे मन लावून ऐकत होते. आबांना रंग चढला. ते काहीतरी लांबलचक बोलले, बोलता बोलता त्यांच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. बोलून झाल्यावर त्यांनी नानांकडं बघितलं.

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्याच आवाजात म्हणाले, "आबा म्हनत्यात, आमाला तेल देनारं अन्नदा नावाचं एक जहाज हुतं. बंदरात आमी एकदा त्याच्यावर जेवाया गेल्तो. तिथला भात करपलेला हुता. आबा म्हनत्यात, असला कुक आपन जल्मात बघितला न्हाई."

पाहुणे खो खो हसले. मी आणि मंगल एकमेकांकडं बघत राहिलो. आबा मिशीतल्या मिशीत हसत पडले होते.

"खरंच का व्हो?" मुलाच्या वडिलांनी नानांनाच विचारलं. "तुमी बी नेव्हीतच हुता ना? कोन हुता त्यो कुक?"

"आत्ता आबा बोलत्यात," नाना म्हणाले. "मी फकस्त सांगतोय."

चहा झाला, पसंती झाली, पाहुण्यांची गाडी वाटेला लागली. मंगल गाडीपर्यंत गेली होती, मीही. परत आलो तर ओसरीपर्यंत नानांचा आवाज येत होता. त्यांनी खुर्ची आबांच्या खाटेला भिडवली होती, टोपी काढून उशाशी ठेवली होती आणि त्या दिवशी भाताला विस्तव कमी-जास्त का झाला, बंदरात वारा कुठल्या बाजूचा होता, हे ते पहिल्यापासून समजावून सांगत होते. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि दर वाक्याला मान हलवून नाही म्हणत होते.